एकोणिसावा शोधनिबंध

"रेवती, ते कागद राहू देत. इकडे ये आणि हे हात बघ."

मी मॅडमच्या केबिनमध्ये फरशीवर बसले होते. स्टीलचं कपाट सताड उघडं होतं आणि त्यातून काढलेले शोधनिबंध मी माझ्याभोवती वर्षवार लावत होते. मॅडम म्हणजे डॉ. हमीदा मुजावर, आमच्या मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागाच्या प्रमुख. आमच्या भागातल्या द्राक्षबागांत, हळदीच्या खळ्यांवर, वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या माणसांच्या कातडीला कशाकशाची ॲलर्जी येते, यावर त्यांचे त्रेसष्ट शोधनिबंध छापून आले होते. दिल्लीच्या एका संस्थेच्या मोठ्या पुरस्कारासाठी डीननी त्यांचं नाव पाठवायचं ठरवलं होतं, आणि त्या त्रेसष्टांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं होतं. अर्ज शुक्रवारी संध्याकाळच्या कुरियरनं जायचा होता. तो सोमवार होता, १९९९ चा ऑगस्ट महिना. मी अठ्ठावीस वर्षांची, नुकतीच लेक्चरर झालेली. मॅडमच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

मी उठून टेबलापाशी गेले. समोरच्या स्टुलावर पन्नाशीकडे झुकलेली एक बाई बसली होती. तिचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवलेले. बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत कातडी काळवंडून जाड झालेली, भेगाळलेली; मधूनमधून पाणी सुटलेलं.

"या द्वारकाबाई ऐवळे," मॅडम म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी मीच तपासलं होतं यांना. गाजरगवताची ॲलर्जी. द्वारकाबाई, रान सोडलं ना तुम्ही?"

"तवाच सोडलं की बाई. तुमीच सांगितलं हुतं न्हवं. अकरा वर्सं झाली, बागंत पाय ठिवला न्हाई. हितं गावात पोरांच्या खानावळीत भांडी घासतो."

"मग गवत कुठून आलं?"

"तेच इचारायला आलोय."

मी म्हटलं, "मॅडम, गाजरगवत रस्त्याच्या कडेलाही असतं. वाऱ्यानं येतं."

 मॅडमनी द्वारकाबाईंचा हात उचलून खिडकीकडे वळवला. कोपराच्या चार बोटं खाली तो सगळा आजार एकदम थांबला होता. वर कातडी अगदी निरोगी. मधे सरळ रेघ, पट्टीनं आखल्यासारखी.

"गवत असं रेघ मारून थांबतं का गं?" त्यांनी मला विचारलं. आणि मग बाईंना, "भांडी घासताना हातात काय घालता?"

"मोजं. रबरी. तुमच्याच कागदावर लिवलं हुतं, हात झाकून ठिवा म्हून. तवापास्नं घालतो."

"आणि बागेत होता तेव्हा?"

"तवा बी हुतं की. छाटणी झाल्यावर काडीच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायची, तवा मालक मोजं द्यायचा. माजी वीस बायांची टोळी हुती, समद्या घालायच्या."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "एकोणीस नंबर दे."

एकोणीस नंबर मला शोधावा लागला नाही. तो आमच्या विभागाचा सगळ्यात गाजलेला निबंध होता. द्राक्षबागांतल्या अडतीस बायका, हातांचा असाध्य इसब, आणि पॅच टेस्टनं, म्हणजे पाठीवर पट्टी चिकटवून केलेल्या चाचणीनं, सिद्ध केलेलं कारण: गाजरगवत. तो परदेशात छापून आला, पाठ्यपुस्तकात गेला. त्याच्या आधारावर जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्यकेंद्रात एक पत्रक लागलं होतं. मॅडमचे पुढचे बारा निबंध त्याच्या खांद्यावर उभे होते. माझा एम.डी.चा प्रबंधही.

मॅडमनी दुसरं पान उघडलं. तिथे एका हाताचा काळापांढरा फोटो होता. त्यांनी चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि मग निबंध माझ्यापुढे सरकवला. कोपराच्या चार बोटं खाली तीच सरळ रेघ, मोज्याचा काठ जिथे येतो तिथे.

"हा फोटो मी काढलाय," त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकांनी पाहिला. मीच पाहिला नाही."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण निबंध मिटताना त्यांच्या बोटांतून तो दोनदा निसटला.

 नंतर उठून त्यांनी जिनपालला हाक मारली. जिनपाल मगदूम आमचा प्रयोगशाळा तंत्रज्ञ, विभागात वीस वर्षं काढलेला.

"जिनपाल, त्या वेळी गवताचा अर्क कसा काढायचो आपण?"

"ताजा पाला वाटून ॲसिटोनमध्ये, मॅडम. तसाच लावायचो. पातळ करायचं नंतर सुरू केलं."

"निरोगी माणसांना लावून बघितला होता?"

जिनपालनं मान खाली घातली. "कोण तयार झालं नव्हतं."

"आणि मी दोन दिवसांनी एकदाच बघितलं. चौथ्या दिवशी बघायला हवं होतं, पण त्या बायकांचा रोज बुडायचा म्हणून त्या परत आल्या नाहीत, आणि मी छापायच्या घाईत होते." त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, शिकवताना सांगायच्या तसं, "जळणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी. दुसऱ्या दिवशी दोन्ही लालच दिसतात. जळलेलं चौथ्या दिवसापर्यंत विझतं. ॲलर्जी चौथ्या दिवशी जास्त पेटते. अर्क कडक असेल तर तो कुणाचीही पाठ लाल करील. तसाच अर्क आजच्या आज काढा. द्वारकाबाईंना लावू, त्यांच्याच मोज्याचे तुकडे कापून तेही लावू. आणि सहा निरोगी माणसांना फक्त अर्क."

"कुणाला?" मी विचारलं.

"मी एक. तू दोन. जिनपाल तीन. उरलेले तीन वॉर्डातल्या स्टाफमधून मिळतील."

द्वारकाबाईंना चार दिवस वॉर्डात ठेवायचं ठरलं. दुपारी त्यांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. नंतर मी मॅडमच्या पाठीवर. ब्लॉटिंग पेपरच्या गोल चकत्या मॅडम अजूनही स्वतः पंचनं कापत. तयार चकत्या बाजारात येऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी चकतीवर अर्काचे थेंब टाकले, चकती पाठीवर ठेवली, वर पट्टी दाबली.

"बुधवारी दुपारी तीन वाजता काढायची," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "तोपर्यंत पाठीला पाणी नाही. आणि यादीचं काम थांबवू नकोस."

मी यादी करत राहिले. ते दोन दिवस मला अजून आठवतात. निबंधामागून निबंध वाचताना ही बाई मला नव्यानं दिसत होती. वीटभट्टीवरच्या निबंधासाठी त्या पंधरा रविवार एसटीनं भट्ट्यांवर गेल्या होत्या. हळदीच्या निबंधात तपासलेल्या माणसांची संख्या एकशे सहा होती आणि तळटीपेत लिहिलं होतं की त्यांतल्या दोघांच्या नोंदी अपुऱ्या असल्यानं निष्कर्षातून वगळल्या आहेत. दोघांसाठी तळटीप! एकशे चार लिहून टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण त्यांनी लिहिलं होतं. आणि अशा बाईची पाठ माझ्या हातात होती.

मंगळवारी रात्रीपासून माझी स्वतःची पाठ खाजायला लागली.

बुधवारी तीनला तपासणीच्या खोलीत मी मॅडमची पट्टी सोडवली. चकतीखाली रुपयाच्या नाण्याएवढा लालभडक ठिपका होता, कडांना सुजलेला. मी टॉर्च धरून उभी राहिले. मॅडम माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "काही नाही, मॅडम. साफ आहे."

आणि रजिस्टरमध्ये, जिथे लालीची तीव्रता शून्य ते तीन प्लस अशी मांडतात, त्यांच्या नावापुढे शून्य लिहिलं.

 

"रेवती," त्या मागे न वळता म्हणाल्या, "डोळे तुझे असले तरी खाज माझी आहे. काल रात्रीपासून झोप नाही मला. पुन्हा बघ."

मी टॉर्च जवळ नेला. मी पुन्हा बघितलं. "लाल आहे," मी म्हणाले. "सूज आहे. दोन प्लस."

"लिही."

मी शून्य खोडायला खोडरबर उचललं, तसा त्यांचा हात मागे आला. "खोडू नकोस. एक आडवी रेघ मार, वर बरोबर आकडा लिही, आणि शेजारी सही कर."

मी तसं केलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सहीवर पडू नये म्हणून मी रजिस्टर लांब धरलं. मॅडमनी पदर खांद्यावर घेतला आणि मगच त्या वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"माझ्यासाठी खोटं बोललीस की तुझ्या प्रबंधासाठी?"

 याचं उत्तर आज तेवीस वर्षांनीही मला पूर्ण देता येत नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता तू बस. तुझी पाठ मी बघते."

माझ्या पाठीवरही दोन प्लस होतं. जिनपालच्या पाठीवर तीन. वॉर्डातल्या तिघांपैकी दोघांच्या पाठी लाल होत्या. सहांपैकी पाच निरोगी माणसं, ज्यांना गवताचा कधी काही त्रास नव्हता, ती त्या अर्कानं लाल झाली होती.

गुरुवारी मॅडम नेहमीसारख्या ओपीडीत आल्या, बासष्ट रुग्ण तपासले. फक्त चहा आणून ठेवला तो प्यायल्या नाहीत. त्यावर साय धरली, तेव्हा त्यांनी कप हळूच बाजूला सारला.

शुक्रवारी सकाळी दुसरी तपासणी केली. मॅडमच्या पाठीवर फिकट तपकिरी डाग राहिला होता. माझी लाली गेली होती. जिनपालची जाता जाता थोडी उरलेली. आणि द्वारकाबाईंच्या पाठीवर, जिथे गवताचा अर्क लावला होता तिथे जवळजवळ काही नव्हतं. जिथे त्यांच्या मोज्याचा तुकडा होता तिथे मात्र टचटचीत फोड आले होते.

मॅडम द्वारकाबाईंच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून बसल्या. मला वाटलं होतं, त्या आजार समजावून सांगतील. त्यांनी सुरुवातच वेगळी केली.

"द्वारकाबाई, माझी चूक झाली. तुम्हाला गवताचा त्रास कधीच नव्हता. रबराचा होता. मी नीट तपासलं नाही, आणि वरून तुम्हाला मोजे घालायला सांगितले."

द्वारकाबाई उठून बसल्या. "म्हंजे बागंत जाऊ शकत हुतो मी?"

"हो."

"अकरा वर्सं?"

"हो."

"माजी टोळी गेली, बाई. गवताची बाधा हाय म्हून कुणी बागंत घेईना. माज्या हाताखालच्या आणि सात-आठ जणींना बी न्हाई घेतलं. माजी थोरली भन तर ह्याच बाधेपायी माहेराला गेली ती तिकडंच ऱ्हायली."

मॅडमनी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या बाजूनं एक शब्द काढला नाही. त्या वेळी अशी साधनं नव्हती, रबराची चाचणी इथे मिळत नव्हती, हे सगळं खरं होतं आणि त्यांना सांगता आलं असतं. त्या फक्त ऐकत बसल्या. द्वारकाबाई बराच वेळ बोलत होत्या. मधेच आवाज चढला, मधेच रडल्या. शेवटी त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं,

"आता मोजं काढलं तर बरं हुईल?"

"महिनाभरात. मी स्वतः बघेन."

"मग बगा," द्वारकाबाई म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहिल्या.

दुपारी डीननी आम्हाला बोलावलं. डॉ. धामणकर वाईट माणूस नव्हते. मॅडमबद्दल त्यांना अभिमान होता. कॉलेजलाही त्या पुरस्काराची गरज होती. टेबलावर मी टाइप केलेली यादी होती. तिच्यात एकोणीस नंबरपुढे मॅडमनी पेननं लिहिलं होतं: 'निष्कर्ष चुकीचा. दुरुस्ती पाठवत आहे.' आणि पुढच्या बारा निबंधांपुढे: 'क्र. १९ वर आधारित. फेरतपासणी आवश्यक.'

"मॅडम, हे काय?" डीन म्हणाले. "त्रेसष्टांतले तेरा तुम्हीच कापलेत. उरलेलं पण कुणी वाचणार नाही हो! दुरुस्ती पाठवा की, मी कुठे नाही म्हणतोय? दोन महिन्यांनी पाठवा. पुरस्कार झाल्यावर."

"सर, ते पत्रक आज आरोग्यकेंद्रांत लागलंय. हात रबरी मोज्यांनी झाका, असं त्यावर माझ्या नावानं लिहिलंय. दोन महिन्यांनी छाटणी सुरू होईल. बायका मोजे घालतील."

"पत्रक काढून टाकू. आजच सांगतो. पण यादीत हे कशाला?"

"यादी माझ्या कामाची आहे ना? मग हेही माझंच काम आहे."

डीन माझ्याकडे वळले. "डॉक्टर कोष्टी, तुम्ही तरी सांगा."

दोन दिवसांपूर्वी मी काय केलं असतं ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "सर, त्यात चौदावा मिळवावा लागेल. माझा प्रबंध यादीत नाही, पण तोही एकोणीस नंबरवरच उभा आहे. विद्यापीठाला मी पत्र लिहिणार आहे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरचा कागद मात्र त्यांनी सरळ केला, जो आधीच सरळ होता.

अर्ज गेला, त्या शेऱ्यांसकट. पुरस्कार दुसऱ्या कुणाला मिळाला. दिल्लीहून एक परिषदेचं आमंत्रण आलेलं होतं, त्याचा विषयही नंतर कुणी पुन्हा काढला नाही. एका परदेशी प्राध्यापकांनी मात्र दुरुस्ती वाचून मॅडमना चार ओळींचं पत्र लिहिलं. ते त्यांनी मला वाचायला दिलं नाही, फक्त पर्समध्ये ठेवलं.

त्यानंतरचं वर्षभर रविवारी सकाळी आम्ही दोघी एसटीत बसायचो. अडतीस बायका शोधायच्या होत्या. जुन्या नोंदींत गावाचं नाव आणि वय, एवढंच. एकतीस सापडल्या. द्वारकाबाई तिसऱ्या रविवारपासून आमच्याबरोबर यायला लागल्या, कुणी बोलावलं नव्हतं. "तुमाला कोण दार उघडणार?" म्हणाल्या. आणि खरंच, काही घरांत आम्हाला उंबऱ्याबाहेरून परत पाठवलं असतं; द्वारकाबाई आत जायच्या, मोठ्यानं भांडायच्या, मग बाहेर येऊन म्हणायच्या, "या आत." मॅडम प्रत्येक बाईपुढे तेच वाक्य बोलायच्या, जे पहिल्या दिवशी बोलल्या होत्या. माझी चूक झाली. एकतीस वेळा. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी चहा. एकतिसांपैकी सतरा जणींना रबराची ॲलर्जी निघाली, पाच जणींना खरोखर गवताची. उरलेल्यांची कारणं निराळी होती.

तो चौसष्टावा निबंध पुढच्या ऑक्टोबरात छापून आला. मॅडमनी त्यावर माझं नाव आपल्या आधी घातलं. मी विरोध केला तर म्हणाल्या, "सतरा गावं चाललीस, तेवढं पुरे."

छापील प्रत आली त्याच आठवड्यात आम्ही ती घेऊन द्वारकाबाईंकडे गेलो. छाटणी संपून पेस्ट लावायचं काम चालू होतं. द्वारकाबाई परत बागेत होत्या, बारा बायकांची टोळी घेऊन. प्रत्येकीच्या हातात पातळ प्लास्टिकचे मोजे, मॅडमनी तपासून दिलेले. द्वारकाबाईंनी आम्हाला बघून मोजे उतरवले. हात सावळे, खडबडीत, कष्टाचे, पण निरोगी.

मॅडमनी निबंध त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला.

"इंग्रजीत हाय."

"हो."

"तुमची चूक लिवल्या ह्यात?"

"पहिल्याच परिच्छेदात."

द्वारकाबाई टोळीकडे वळून ओरडल्या, "अगं ए, ह्या डॉक्टरीणबाई बगा. सोताची चूक छापून आणल्याय, ती बी इंग्रजीत!" बायका हसल्या. मॅडमही हसल्या. वर्षभरात मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

"आणि मी कुठं हाय ह्यात?" द्वारकाबाईंनी विचारलं.

मॅडमनी तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात बोट ठेवलं. "ही ओळ. रुग्ण क्रमांक तेवीस."

"तेवीस?"

"पेशंटची नावं छापत नाहीत, द्वारकाबाई. नियम आहे."

"तेवीस नंबर म्हंजे कोण, कुणाला कळणार? मला नाव हाय की."

 मॅडमनी माझ्या खिशातलं पेन घेतलं, निबंध गुडघ्यावर धरला आणि तेवीस नंबरच्या ओळीपुढे कोऱ्या जागेत मोठ्या, स्वच्छ मराठी अक्षरांत लिहिलं: द्वारकाबाई शंकर ऐवळे. द्वारकाबाईंनी ते एकेक अक्षर लावून वाचलं आणि निबंधाची घडी करून चोळीत खोचली.

तेवढ्यात टोळीतली एक तरुण मुलगी वेलींच्या ओळीतून पुढे आली. तिनं ओढणी बाजूला करून मान दाखवली. लालसर चट्टा, कानामागून खांद्यापर्यंत. तिच्यामागे आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या, बाह्या वर सारत.

मॅडम बांधावर बसल्या. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि त्या मुलीला समोर बसवून तिची मान उजेडाकडे वळवली. मी पर्समधून वही काढली, सवयीनं समासात 'क्र. १' लिहिलं.

मॅडमनी वाकून ते बघितलं.

"नंबर नंतर घाल," त्या म्हणाल्या. "आधी नाव विचार."